दांडी सरकली पाहिजे

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका शेडमध्ये लोखंडी घोडीवर जुन्या महिंद्रा जीपचा मागचा एक्सल ठेवलाय. मधे बिडाचा गोळा, दोन्ही बाजूंना पोलादी नळ्या. १९४०च्या दशकाच्या अखेरीस महिंद्राने मुंबईत माझगावला विलीज जीपची जुळणी सुरू केली. त्या घराण्याची ठेवण साधारण हीच: नळ्या ओतीव गोळ्यात दाबून बसवलेल्या, पाटे एक्सलच्या खालून. ही जीप ऑफ-रोड स्पर्धेच्या मैदानासाठी तयार होतेय, म्हणून पाटे वर घ्यायचेत. गाडी चार-पाच इंच उंच होईल. त्यासाठी नळ्यांच्या वरच्या अंगाला नव्या स्प्रिंग सीट वेल्ड करायच्या. रस्त्यावरच्या, नोंदणी असलेल्या गाडीला हे करू नये. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आड येतं, आणि ते योग्यच आहे.

शेडच्या मिस्त्रींनी वेल्डिंगचा होल्डर हातात घेतला तो दुसऱ्या दिवशी दुपारी. तोवर नुसती तयारी चालली होती.

आधी तेल काढलं. मग शाफ्ट, बेअरिंग, सील, आतले गिअर, सगळं बाहेर. बेअरिंग आत ठेवून वेल्डिंग केलं तर करंट त्यातूनही वाट काढतो आणि गुळगुळीत पृष्ठभागावर बारीक खड्डे पाडतो. महिन्याभरात ते बेअरिंग घरघरू लागतं. म्हणून अर्थिंगचा चिमटासुद्धा वेल्डच्या शेजारी, त्याच नळीवर लावायचा.

मग सफाई. चिखल आणि ग्रीस डिझेलने धुतलं, रंग आणि गंज ग्राइंडरने काढला. सीट बसते तेवढीच जागा घासून भागत नाही. आजूबाजूची दोन बोटं जागाही पांढरी झाली पाहिजे. तेल, रंग, गंज, ओल यांतलं काहीही उरलं तर आर्कच्या उष्णतेने त्याचा वायू होतो आणि वितळलेल्या धातूत अडकतो. अनारशाला जाळी पडावी तशी वेल्डला जाळी पडते. शेवटचा हात अ‍ॅसिटोनच्या फडक्याने, आणि ते पूर्ण उडून जाईपर्यंत थांबायचं. क्लोरीनवाल्या ब्रेक क्लीनरचा डबा मिस्त्री वेल्डिंगच्या जागी फिरकू देत नाहीत. त्याच्या वाफेची आर्कशी गाठ पडली की फॉस्जीन तयार होतो, तो जीव घेऊ शकतो. सीटवर जस्ताचा मुलामा असेल तर तोही घासून काढायचा. जस्ताच्या धुराने रात्री थंडी वाजून ताप भरतो.

पण खरी काळजी नळीच्या बाकाची. वेल्ड थंड होताना आकसतो आणि नळीला आपल्याकडे ओढतो. दोन्ही सीट वरच्या अंगाला, म्हणजे दोन्ही टोकं वर उचलली जाणार. माझ्या पहिल्या एक्सलला मी उत्साहात एका दमात पूर्ण वेल्ड मारला होता. डोळ्यांना नळी सरळ दिसत होती. दीड महिन्यात सीलमधून तेल झिरपून ब्रेकच्या ड्रममध्ये आलं. नळी वाकली होती, शाफ्ट तिरका फिरत होता. चूक सर्वस्वी माझी होती.

इथे लेथवर कातलेल्या चकत्या बेअरिंगच्या जागी बसवल्या आहेत आणि त्यांच्यातून एक सरळ दांडी आरपार गेलीय. दोन बोटांनी ढकलली की सरकते. पिनियनचा कोन आधीच गाडीचं वजन चाकांवर ठेवून मोजलेला, त्याच कोनात सीट टाक्यांनी धरलेल्या. आता ७०१८चे ओव्हनमध्ये सुकवलेले रॉड; इंचभर डावीकडे, इंचभर उजवीकडे, मग हात लावता येईपर्यंत थांबायचं. पाणी मारायचं नाही. बिडाच्या गोळ्यापासून लांब राहायचं. बीड असं तापलं की तडकतं. प्रत्येक टाक्यानंतर दांडी सरकवून बघायची.

संध्याकाळी उजव्या टोकाला दांडी अडली. मिस्त्री बोलले नाहीत. गॅसचा टॉर्च पेटवून त्यांनी नळीच्या खालच्या अंगाला, वेल्डच्या बरोब्बर विरुद्ध, रुपयाएवढा ठिपका लालबुंद केला आणि ज्योत काढून घेतली. तो ठिपका आकसताना नळीला खाली ओढणार होता. रात्रभर एक्सल तसाच घोडीवर राहिला.

सकाळी शटर वर करून त्यांनी चहा सांगायच्या आधी दांडीला दोन बोटं लावली. ती सरकली.