गाडी थंड असताना या

रेडिओवर माणूस दिसत नाही, फक्त ऐकू येतो. म्हणून आज आवाजाविषयीच बोलावं असं ठरवलं आहे. मी कविता लिहितो हे काही श्रोत्यांना ठाऊक असेल. पण आजचा विषय इंजिनाचा आवाज हा आहे. जुनी गाडी घेतली, ती ठकठक करू लागली, चढावर दम टाकू लागली, तर नेमकं काय बिघडलं हे कसं ओळखायचं, याबद्दल मी बोलणार आहे.

मी मेकॅनिक नाही. भिवंडीत एका ट्रान्सपोर्टच्या कचेरीत मी बरीच वर्षं बिल्ट्या लिहिल्या. आमच्या गावाला दोन आवाज आहेत. एक यंत्रमागांचा आणि दुसरा टेम्पोंचा. १९८६ साली टेल्कोची ४०७ आली तेव्हा मी कॉलेजात होतो. पुढे २००५ मध्ये टाटांचाच ‘छोटा हत्ती’ आला. अंजूर फाटा, कल्याण नाका, वंजारपट्टी नाका, कुठेही उभे राहा, कापडाचे तागे किंवा गोदामांतला माल घेऊन अशा गाड्या जाताना दिसतात. त्यांतल्या कितीतरी दुसऱ्या, तिसऱ्या मालकाच्या असतात. नवीन गाडी घेण्याची ऐपत नसलेला तरुण जुनी घेतो, आणि तिच्या आवाजावर त्याच्या घरातली चूल अवलंबून असते.

माझ्या भाच्याचं असंच झालं. २०११ ची दिवाळी नुकतीच संपली होती. आपाने, म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीने, दोन बांगड्या मोडल्या, उरलेलं कर्ज काढलं, आणि दहा-बारा वर्षं जुना एक चार सिलिंडरचा डिझेल टेम्पो बघायला आम्ही गेलो. गाडीच्या कंपनीचं नाव सांगत नाही, कारण दोष कंपनीचा नव्हता. संध्याकाळची वेळ. टेम्पो एका मागाच्या कारखान्यामागे उभा होता. मालकाने चावी फिरवली, इंजिन अर्ध्या सेकंदात सुरू झालं. “ऐका, शिवणाच्या मशीनसारखं चालतंय,” तो म्हणाला. मी सहज इंजिनाच्या झाकणावर हात ठेवला. ते गरम होतं. आम्ही येण्याआधी गाडी फिरवून आणली होती किंवा चालू ठेवली होती, हे कळायला हवं होतं. खरं तर कळलंही होतं. पण व्यवहार जुळत आला होता, भाचा खुशीत होता, मी गप्प बसलो.

तिसऱ्या आठवड्यात नाशिकचा माल भरून टेम्पो कसारा घाटात चढू लागला आणि अर्ध्या चढावर रांगायला लागला. मागे काळा धूर, पुढे इंजिनातून ठक-ठक-ठक. कशीबशी खेप टाकून भाचा परत आला. नाक्यावर त्याला तासाभरात तीन सल्ले मिळाले. एक म्हणाला, बेअरिंग गेलं, इंजिन उतरवावं लागेल. दुसरा म्हणाला, पंप बदल. तिसरा म्हणाला, आवाज वाढायच्या आत विकून टाक. इंजिन उतरवायचा खर्च त्याच्या चार महिन्यांच्या हप्त्यांएवढा होता. तो माझ्याकडे आला तेव्हा त्याच्या तोंडून शब्द फुटत नव्हता.

आम्ही अंजूर फाट्याजवळच्या एका जुन्या आगरी मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी झाकण उघडलंसुद्धा नाही. “शायर, इंजिन गरम हाय. गरम इंजिन खोटं बोलतं. गाडी हितंच ठेवा आन् उद्या सकाली या. रात्री चावी कोनाला देऊ नका.”

याचा अर्थ त्यांनी दुसऱ्या दिवशी समजावला. रात्रभर उभं राहिलेलं इंजिन सुरू करताना त्याचं खरं रूप दिसतं. सिलिंडरमध्ये दाब नीट तयार होत नसेल तर ते लवकर पेटत नाही. पिस्टन आणि सिलिंडर यांच्यातली जागा वाढली असेल तर थंडपणी पिस्टन भिंतीवर आपटल्याचा पोकळ आवाज येतो, आणि तापून पिस्टन फुगला की तो कमी होतो. खालच्या बेअरिंगचं मात्र उलट असतं. ऑइल थंड आणि जाड असतं तोवर बेअरिंग गप्प राहतं. ऑइल तापून पातळ झालं की ते बोलायला लागतं. म्हणून काही विकणारे जास्त जाड ऑइल भरून गाडी दाखवतात. थंड ते गरम हा सगळा प्रवास ऐकल्याशिवाय कुठला आवाज कशाचा हे ठरवता येत नाही.

शिवाय रेडिएटरचं झाकण गाडी थंड असतानाच उघडायचं असतं, गरम असताना उकळतं पाणी अंगावर उडतं. पाण्यावर तेलाचा तवंग असेल किंवा इंजिन ऑइल दुधाळ झालं असेल, तर तेल आणि पाणी कुठेतरी एकत्र आलं आहे. तो बिघाड बहुधा हेडच्या गास्केटचा असतो, आणि तो अंगावर काढायचा नसतो.

आता डिझेल इंजिनाच्या ठकठकीबद्दल. ते थोडं वाजणारच. रुडॉल्फ डिझेल यांनी १८९७ साली जर्मनीत जे इंजिन यशस्वीपणे चालवून दाखवलं, त्यात ठिणगी नव्हती. हवा इतकी दाबायची की ती तापते, आणि त्या तापलेल्या हवेत इंधन सोडलं की ते आपोआप पेटतं. इंधन आत शिरल्यावर पेटायला क्षणाचा काही भाग जातो. तेवढ्या वेळात साठलेलं इंधन एकदम पेटतं, त्याचा हा आवाज. तो सगळ्या सिलिंडरांत सारखा असला तर काळजी नाही. एकाच सिलिंडरात मोठा असला तर शोध घ्यायचा.

कवी असल्यामुळे मला हे मात्रांच्या हिशोबात समजलं. इंजिन मिनिटाला ७५० फेरे घेत असेल तर प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो, म्हणजे मिनिटाला ३७५ वेळा. चार सिलिंडरांचे मिळून १५०० ठोके, सेकंदाला २५. हे ठोके वेगळे ऐकू येत नाहीत, त्यांची एक सलग गुणगुण होते. त्यातला एक सिलिंडर कमी पेटला की चौथी मात्रा पडते आणि गाडी लंगडते. मेकॅनिक याला ‘मिसिंग’ म्हणतात. छोटा हत्ती दोन सिलिंडरांचा होता. त्याच फेऱ्यांना त्याचे ठोके निम्मेच पडणार, म्हणून तो मुळातच जास्त थरथरायचा. तो त्याचा स्वभाव होता, दोष नव्हे. ज्या गाडीचा निरोगी आवाज आपण ऐकलेला नाही, तिला आजारी म्हणण्याची घाई करू नये.

मिस्त्रींनी एक लांब पेचकस घेतला. त्याचं टोक इंजिनावर टेकवलं आणि मूठ कानामागच्या हाडाला लावली. वर, झाकणापाशी बारीक टिकटिक येते ती बहुधा टॅपेटची. पाना घेऊन तासाभरात तिची जागा बसवता येते. एग्झॉस्टच्या जोडातून गॅस निसटत असेल तर तीही टिकटिकच वाटते, पण तिथे काजळीचा काळा डाग सापडतो. पट्टा ओरडत असेल तर त्यावर दोन थेंब पाणी टाकलं की आवाज बदलतो. इंजिनाचे रबरी माउंटिंग बसले असले तर गिअर टाकताना धप्प होतं, आणि लोक ते बेअरिंगच्या नावावर खपवतात. खरं बेअरिंग खालून, जाड आवाजात बोलतं, आणि ओझं पडलं की जास्त बोलतं.

मग त्यांनी पेचकस माझ्या हातात दिला. तो कानाला लावताना मला अब्बांची आठवण झाली. अब्बा आयुष्यभर मागांवर जॉबर होते, म्हणजे माग दुरुस्त करणारे. तीस-चाळीस मागांच्या गोंगाटात नेमका कुठला बेसूर झाला ते त्यांना लांबून कळायचं. त्याच गोंगाटाने शेवटी त्यांचे कान नेले. नंतर ते मागाच्या चौकटीवर तळहात ठेवायचे आणि हाताने ऐकायचे. मीही इंजिनावर, फिरत्या पट्ट्यापासून आणि गरम पाइपापासून दूर, तळहात ठेवला. तिसऱ्या सिलिंडरपाशी धक्का वेगळा लागत होता.

आता खरी परीक्षा. मिस्त्रींनी इंजिन मंद चालू ठेवून एकेका नोझलकडे जाणाऱ्या डिझेलच्या पाइपाचा नट किंचित सैल केला. सैल केला की तो सिलिंडर पेटत नाही. पहिला बंद केला तर गाडी अडखळली, म्हणजे तो कामाचा. दुसरा, चौथाही तसाच. तिसरा बंद केला आणि ठकठक थांबली. भाचा आनंदाने म्हणाला, “सापडलं, नोझल!” मिस्त्रींनी मान हलवली. “नाय. बेअरिंग गेलं असतं तरी ओझं काढल्यावर गप्पच झालं असतं.”

मला त्या दिवशी सगळ्यात मोठी गोष्ट ही कळली. आवाज कुठून येतो हे सापडलं म्हणजे कशामुळे येतो हे सापडलं असं नाही. त्यांनी इंजिन बंद केलं, पहिल्या आणि तिसऱ्या सिलिंडरची नोझल काढून अदलाबदल केली, बाकी कशाला हात लावला नाही. पुन्हा गाडी सुरू केली. ठकठक आता पहिल्या सिलिंडरात होती. ती नोझलबरोबर चालत गेली होती. तिसऱ्यातच राहिली असती तर इंजिन उतरवणं भाग होतं. नोझल दुरुस्त करणाऱ्याच्या टेस्टरवर ती लावून पाहिली, तर डिझेलचा बारीक फवारा उडायच्या ऐवजी थेंब गळत होते.

हे प्रयोग घरी करू नका. त्या पाइपातलं डिझेल एवढ्या दाबाने येतं की त्याची धार कातडी भेदून आत शिरते. आजच्या गाड्यांत तर दाब कितीतरी पटींनी वाढला आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाल्यावर इंजिनाचा कारभार संगणकाकडे गेला आहे. तिथे नट सैल करण्याऐवजी स्कॅनर लावतात. पण स्कॅनरही बहुतेक वेळा कुठे दुखतंय एवढंच सांगतो. कशामुळे, हे माणसालाच शोधावं लागतं.

दम का जात होता, याचं उत्तर अर्धं मिळालं होतं. उरलेलं धुरात होतं. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. पांढरा, न विरणारा धूर म्हणजे न जळालेलं डिझेल किंवा आत शिरलेलं पाणी. काळा धूर म्हणजे डिझेल पुरेसं, पण हवा कमी, किंवा फवारा वाईट. मिस्त्रींनी एअर फिल्टर काढला आणि आम्ही पाहतच राहिलो. त्यावर कापसाच्या तंतूंची आणि धुळीची गोधडी बसली होती. मागाच्या कारखान्यामागे वर्षानुवर्षं उभी राहिलेली गाडी, तिने तिथलीच हवा ओढली. त्यानंतर त्यांनी डिझेल फिल्टर पाहिला, मग क्लच. क्लच घसरत असेल तर इंजिन ओरडतं पण गाडीचा वेग वाढत नाही, आणि जळका वास येतो. थोडी गाडी चालवून चाकांजवळ हात नेला. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा गरम असेल तर ब्रेक धरून राहिला आहे आणि इंजिन विनाकारण बदनाम होतंय. स्वस्तातलं आधी, महागातलं शेवटी. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर कशाने फरक पडला हे कधीच कळत नाही.

नोझल, एअर फिल्टर, डिझेल फिल्टर एवढ्यावर काम भागलं. पण शेवटी मिस्त्रींनी चालू इंजिनाच्या ऑइलचं झाकण उघडून दाखवलं. आतून वाफेसारखा श्वास येत होता. याला ‘बॅक कॉम्प्रेशन’ म्हणतात. झिजलेल्या रिंगांमधून गॅस खाली निसटतो. “म्हातारं हाय, पन मेलेलं नाय. कमी भरा, ऑइल टायमावर बदला, आन् रिंग-पिस्टनचे पैसे आजपासून बाजूला काढा.” भाच्याने तसंच केलं. दोन वर्षांनी इंजिन उघडलं, पण तेव्हा पैसे हातात होते.

परत येताना मी त्याला म्हणालो, “चूक माझी झाली. त्या संध्याकाळी झाकण गरम लागलं होतं.” तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “मामू, मलाही लागलं होतं. तुम्ही बोलला नाहीत, म्हणून मीही बोललो नाही.”

तेव्हा जुनी गाडी घ्यायला जाल तर मालकाला आदल्या दिवशी सांगा, सकाळी येतो, तोवर सुरू करू नका. गेल्यावर आधी इंजिनाला हात लावून पाहा. गरम लागलं तर भांडू नका, पण व्यवहारही करू नका. उद्या पुन्हा येतो म्हणा. सुरू करताना एकाने इंजिनापाशी आणि एकाने धुराकडे उभं राहा. ओझं घालून चढावर चालवून बघा. आणि घेतलेली गाडी रस्त्यात खालून जाड आवाज करू लागली, ऑइलचा दिवा लागला किंवा तापमानाचा काटा वर गेला, तर पुढच्या गॅरेजपर्यंत रेटू नका, तिथेच बंद करा. बाकीच्या बहुतेक आवाजांना सकाळपर्यंतचा वेळ देता येतो.

भाच्याकडे आता दुसरी गाडी आहे. तीही जुनीच घेतली. या वेळी आम्ही सकाळी सात वाजता गेलो होतो. मी झाकणावर हात ठेवला, त्याने माझ्याकडे पाहिलं. थंडगार होतं. मग त्याने चावी मागितली.