कच्चे अंडे आणि शर्यतीची नौका

एक कच्चे आणि एक चांगले उकडलेले अंडे घ्या. दोन्ही दोऱ्याच्या शिंकाळ्यांत टांगा व सारखाच पीळ देऊन सोडा. उकडलेले अंडे बराच वेळ उलटसुलट गिरक्या घेत राहील. कच्चे मात्र लवकर शांत होईल. कवच फिरते, पण आतला द्रव जडत्वामुळे मागे रेंगाळतो. या ओढाताणीत गतीची ऊर्जा घर्षणाने उष्णता होऊन जाते. हीच युक्ती शर्यतीच्या नौकेचे इंजिन वाचवते.

अमेरिकेत वेगवान नौकांना मोटारीवरून घेतलेली आठ सिलिंडरांची इंजिने बसवतात. त्यांचा पोलादी क्रँकशाफ्ट दिसायला भक्कम, पण दट्ट्याच्या प्रत्येक ठोशाने तो किंचित पिळतो आणि उलट फिरतो. फोर-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो; म्हणजे एका फेऱ्यात चार ठोसे. मिनिटाला ४८०० फेरे म्हणजे सेकंदाला ८०. ठोसे झाले ३२०. शाफ्टलाही पिळण्याची स्वतःची नैसर्गिक वारंवारता असते. ठोशांची लय तिच्याशी जुळली, की योग्य क्षणी ढकललेल्या झोक्याप्रमाणे पीळ वाढत जातो. हाच अनुनाद.

मोटारीचा वेग सारखा बदलतो, त्यामुळे असा धोक्याचा टप्पा चटकन मागे पडतो. नौका मात्र मोकळ्या पाण्यात बराच काळ एकाच वेगाने धावते. तो वेग नेमका धोक्याचा निघाला, तर शाफ्टला तडा जातो आणि किनारा दूर असतानाच इंजिन बंद पडते.

म्हणून शाफ्टच्या पुढच्या टोकाला ‘हार्मोनिक बॅलन्सर’ लावतात. नावावर जाऊ नका. त्याचे मुख्य काम समतोल राखणे नव्हे, तर पिळाचे कंपन शोषणे. एका प्रकारात मधला तुंबा आणि बाहेरचे जड कडे यांच्यामध्ये रबर असते. ते ठराविक वारंवारतेसाठी जुळवलेले असते. शाफ्ट किंवा दट्टे बदलले, की ही जुळणी चुकू शकते. शिवाय उष्णतेने व तेलाने रबर खराब होते. दुसऱ्या प्रकारात बंद डबीत दाट सिलिकोन द्रव आणि त्यात मोकळे कडे असते: अगदी आपले कच्चे अंडे! तो वेगांच्या मोठ्या पट्ट्यात काम करतो, म्हणून बदल केलेल्या इंजिनाला अधिक सोयीचा.

निवडताना आणखी एक प्रश्न विचारावा लागतो: समतोलाचे वजन कोठे आहे? शेव्हरोलेच्या ४२७ घन इंची इंजिनात ते शाफ्टवरच असते. १९७० साली आलेल्या ४५४ घन इंची इंजिनात काही वजन बॅलन्सरवर असते. त्यांची अदलाबदल केली, तर कंपन शमण्याऐवजी वाढेल. मग मापे, खाऱ्या पाण्यात न गंजणारा मुलामा आणि अतिवेगात कडे फुटू नये यासाठी एसएफआय या अमेरिकन संस्थेचे १८.१ क्रमांकाचे मानक पाहावे.

आता तुमच्यासाठी प्रयोग. तीन सारख्या बाटल्या पाणी, गोडे तेल आणि मध यांनी काठोकाठ भरून टांगा व पीळ द्या. कोणती आधी थांबते? फार पातळ द्रव नुसता घसरतो, फार दाट द्रव बाटलीबरोबरच फिरतो. मग बॅलन्सरमधील द्रव किती दाट असावा? विचार करा.