हुकूमनामा समुद्र ओलांडतो तेव्हा

दुबईत कर्ज थकवून रत्नागिरीस परतलेल्या माणसाच्या मागे तेथील बँक सहसा पोहोचत नसे. तेथील निकालाच्या आधारे तिला येथे नव्याने दावा लावावा लागे, तोही तीन वर्षांच्या आत. आणि आपल्याकडे दाव्याला किती काळ लागतो हे वाचकांस सांगावयास नको.

१७ जानेवारी २०२० रोजी हे चित्र पालटले. केंद्रीय विधी व न्याय मंत्रालयाने अधिसूचनेद्वारे संयुक्त अरब अमिरातींचा समावेश दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४अ खालील प्रदेशांत केला. ब्रिटन, सिंगापूर त्या यादीत आधीपासून होते. अमेरिका अद्याप नाही. आता दुबईचा पैशाविषयीचा हुकूमनामा प्रमाणित प्रतीसह थेट जिल्हा न्यायालयात येतो आणि तो तेथीलच असल्याप्रमाणे दरखास्त चालते. गावच्या घरावर जप्ती येऊ शकते. कर व दंड मात्र यातून वगळले आहेत.

कर्जदाराला बचाव उरतो तो कलम १३ चा : फसवणूक, नैसर्गिक न्यायाचा भंग, किंवा निकाल गुणदोषांवर दिलेला नसणे. पण गैरहजर राहिलो म्हणजे सुटलो, हा समज घातक आहे. पुरावा तपासून दिलेला एकतर्फी निकालही गुणदोषांवरचा ठरू शकतो. तेव्हा अरबी भाषेतील नोटीस कपाटात टाकून देऊ नये.

या अधिसूचनेमागील करार १९९९ सालचा. आपल्याकडे परराष्ट्रांशी होणाऱ्या करारास संसदेची संमती लागत नाही आणि यादीत देश घालण्याचा अधिकार संहितेनेच सरकारला दिलेला आहे. त्यामुळे आखातातील लाखो भारतीयांशी निगडित असा हा निर्णय सभागृहात मताला टाकण्याची गरजच नव्हती. प्रस्तुत लेखकास हे खटकते.

परदेशस्थ पतीने तेथे घटस्फोट मिळविलेल्या स्त्रीचा प्रश्न वेगळा आहे. पती-पत्नींचा विवाह ज्या कायद्याखाली झाला, त्यात बसत नसलेला परकीय घटस्फोट सामान्यतः येथे ग्राह्य नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ सालीच स्पष्ट केले. परंतु पती परदेशात, म्हणून समन्स बजावावयाचे कसे? फेब्रुवारी २०१९ मध्ये सुषमा स्वराज यांनी राज्यसभेत मांडलेल्या अनिवासी भारतीय विवाह नोंदणी विधेयकात संकेतस्थळावरून समन्स बजावण्याची आणि मालमत्ता जप्त करण्याची तरतूद होती. ते स्थायी समितीकडे गेले. फेब्रुवारी २०२४ मध्ये विधी आयोगाने आपल्या २८७ व्या अहवालात याहून व्यापक कायद्याची शिफारस केली.