साखळी, गुंठा आणि संगणकातला नकाशा

गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी 1830च्या दशकात इंदापूर तालुक्यापासून मुंबई इलाख्याच्या जमीनमोजणीची नवी घडी बसवली. या इलाख्याच्या मोजणीतली साखळी 33 फुटांची, 16 आण्यांत विभागलेली. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, आणि 40 गुंठ्यांचा एकर. हे कोष्टक कुणाच्याही मालकीचे नव्हते, म्हणून जुने टिपण आजचा भूकरमापकही वाचू शकतो. संगणकातल्या नकाशाला मात्र ही हमी आपोआप मिळत नाही. सरकारी नकाशाकामात मुक्तस्रोत प्रणालींचा आग्रह धरणारे बहुतेक जण परवान्याच्या खर्चापासून सुरुवात करतात. माझ्या मते तो मुद्दा दुय्यम आहे. नोंद कोणत्या नमुन्यात ठेवली आहे आणि तो नमुना कुणालाही वाचता येतो का, हे आधी विचारायला हवे.

शेपफाइलचेच पाहा. एस्री कंपनीच्या या नमुन्याचे तपशील 1998 मध्ये जाहीर झाले, इतरांनाही तो वाचणाऱ्या प्रणाली लिहिता आल्या आणि तो जगभर पसरला. खुलेपणाचा फायदा इथे एका खासगी कंपनीच्याच उदाहरणातून दिसतो. पण त्याची माहितीची तक्ती जुन्या डीबेस पद्धतीची. स्तंभाच्या नावाला जेमतेम 10 बाइट मिळतात, आणि यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचे प्रत्येक अक्षरचिन्ह, कानामात्रेसकट, 3 बाइट खाते. म्हणजे ‘गावठाण’ एवढा साधा शब्दही 18 बाइटांचा. तो मावतच नाही. लिपीची नोंद फायलीत नीट नसेल, तर गावांच्या नावांजागी प्रश्नचिन्हांची रांग उभी राहते. युनिकोडपूर्व फाँटांनी हैराण केलेल्या मराठी वाचकाला हे दुखणे वेगळे समजावून सांगायला नको. 1994 साली स्थापन झालेल्या ओपन जिओस्पेशियल कन्सोर्टियमने 2014 मध्ये जिओपॅकेज हे मानक आणले, त्यात ही अडचण उरत नाही. तरी जुनी सवय सुटत नाही, हा भाग निराळा.

मुक्तस्रोत प्रणालींबाबत नेहमीचा आक्षेप असा: बिघाड झाला तर जबाबदार कोण? ग्रास या नकाशाप्रणालीचा इतिहास इथे उपयोगी पडतो. अमेरिकी लष्कराच्या अभियांत्रिकी प्रयोगशाळेने 1980च्या दशकात, लष्करी जमिनींच्या व्यवस्थापनासाठी, ही प्रणाली घडवली. 1990च्या दशकात लष्कराने हात काढून घेतला. मूळ संहिता उपलब्ध होती म्हणून विद्यापीठांनी ती उचलली, 1999 मध्ये ती जीपीएल परवान्याखाली आली आणि आजही वापरात आहे. बंद प्रणालीचा निर्माता असा निघून गेला असता, तर दाद मागायलाही जागा राहिली नसती. शिवाय मुक्तस्रोत प्रणालीसाठी दुरुस्तीचा करार करता येतोच, आणि कंत्राटदार बदलला तरी नोंदी जागच्या जागी राहतात. स्वित्झर्लंडने इंटरलिस ही वर्णनभाषा भूमापनासाठी स्वीकारली ती याच विचाराने: प्रांतांनी प्रणाली हवी ती वापरावी, माहितीची मांडणी सर्वांना कळेल अशी असावी.

फुकट म्हणजे स्वस्त नव्हे, हा आक्षेप मात्र खरा आहे. क्यूजीआयएस ही मुक्तस्रोत नकाशाप्रणाली उतरवून घ्यायला पैसे पडत नाहीत. तालुक्याच्या भूमि अभिलेख कार्यालयातल्या माणसाला ते शिकवायला पडतात. परवान्याचे वाचलेले पैसे प्रशिक्षणाकडे वळवले नाहीत, तर प्रयोग फसेल आणि दोष खुलेपणाच्या माथी येईल.

सुरक्षेचा आक्षेप दोन गोष्टींची गल्लत करतो. संहिता खुली असणे वेगळे, माहिती खुली असणे वेगळे. 2005च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने संरक्षणासाठी एक आणि नागरिकांसाठी दुसरी अशा दोन नकाशामालिका ठरवल्या, आणि फेब्रुवारी 2021च्या मार्गदर्शक तत्त्वांनी बंधने बरीच सैल केली. हे सारे माहितीबद्दलचे निर्णय. गोपनीय नकाशाही मुक्तस्रोत प्रणालीत, कुलूपबंद सर्व्हरवर खुशाल ठेवता येतो.

केंद्राचे खुल्या मानकांचे धोरण 2010चे आणि मुक्तस्रोताचे 2015चे. दुसऱ्यात तर मुक्तस्रोत पर्याय वगळल्यास कारण द्यावे, अशी अपेक्षाही आहे. कागदावर उणीव फारशी नाही. खरी परीक्षा निविदेत आणि संकेतस्थळावर होते. डब्ल्यूएमएस हे मानक पाळले की नकाशाचे चित्र दिसते, पण हद्दीच्या कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश हाती येत नाहीत. त्यासाठी डब्ल्यूएफएससारखी सेवा लागते. मानक पाळल्याची खूण दोन्हीकडे होते, पण चित्रावरून हद्दीचा वाद सोडवता येत नाही. एप्रिल 2020 मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणे मोजली जातात आणि घरमालकाला मालमत्तेचा कागद मिळतो. त्या कागदामागची आकृती कोणत्या नमुन्यात सुपूर्द करायची, हे कामाच्या करारातच लिहावे लागते. ठेकेदाराने गाशा गुंडाळल्यावर ते विचारायला कुणी सापडत नाही.