मातीचें गणित आणि यंत्राचें उत्तर



पाया खणतांना जुना गवंडी मूठभर माती हातांत दाबून पाहतो. परंतु भर शहरांत तीस मीटर खोल खणावयाचें असलें म्हणजे मुठीची ही परीक्षा पुरत नाहीं. इंजिनियर मग तो खड्डा आधीं गणकयंत्रांत खणून पाहतात. जमिनीच्या उभ्या छेदाचे शेंकडों लहान त्रिकोण पाडावयाचे, प्रत्येकास मातीचें वजन, ताठपणा व ताकद नेमून द्यावयाची, आणि एकाचा कोपरा हलला तर शेजारच्यांनीं किती सरकावें याचीं समीकरणें यंत्राकडून सोडवून घ्यावयाचीं. या पद्धतीस ‘फायनाइट एलिमेंट’ हें नांव अमेरिकेंतील प्राध्यापक रे क्लफ यांनीं १९६० सालीं दिलें.

मात्र यंत्राला माती ठाऊक नसते. आपण सांगूं तीच त्याची माती.

सिंगापूरमध्यें भुयारी रेल्वेसाठीं निकोल हायवे या रस्त्यालगत असा खड्डा खणला जात होता. खालीं समुद्राचा मऊ चिखल, दोहों बाजूंस काँक्रीटच्या भिंती, आणि त्या आंत येऊं नयेत म्हणून पोलादी टेकूंच्या एकाखालीं एक रांगा.

आतां या चिखलाचा स्वभाव पाहा. पायलींत धान्य सैल भरून बाजूस थापट्या मारल्या कीं दाणे खालीं बसतात. मऊ चिखलावर ताण आला कीं त्याचे कणही असेच दाटीनें बसूं पाहतात. परंतु मधल्या फटींत पाणी असतें आणि चिखलांतून तें लवकर निघत नाहीं. मग कणांवरचा भार पाण्यावर जातो, कणांचें परस्परांवरील दडपण कमी होतें, आणि दडपणावरच अवलंबून असलेलें घर्षण घटतें. सिंगापुरांत मातीचा जो सोपा नमुना यंत्रास दिला होता, त्यांत हें आकसणें नव्हतेंच. त्यामुळें चिखल होता त्याहून बळकट ठरला आणि भिंतींचें वांकणें कमी दिसलें.

भिंतींत बसविलेलीं उपकरणें निराळेंच सांगत होतीं. वांकणें अंदाजापलीकडे गेलें. तेव्हां आंकडे फिरवून अंदाज वाढविला. वांकणें त्याच्याही पलीकडे गेलें, पुन्हां तसेंच. मीं पुष्कळ वर्षें गणित शिकविलें. पुस्तकाच्या शेवटचें उत्तर पाहून मधल्या पायऱ्या जुळविणारीं मुलें प्रत्येक वर्गांत असत. उत्तर बरोबर येई; परंतु आंकडे बदलून तेंच गणित घातलें कीं त्यांची त्रेधा उडे.

२० एप्रिल २००४ रोजीं दुपारीं साडेतीनच्या सुमारास, टेकूंची दहावी रांग बसावयाच्या आधींच, नवव्या रांगेचे सांधे दबले. भिंती आंत आल्या, रस्ता खचला. चार माणसें दगावलीं. एकाचा देह कधींच सांपडला नाहीं.

चौकशी समितीनें मुख्य चुका दोन काढल्या : मातीचा चुकीचा नमुना, आणि टेकू व भिंतीलगतच्या आडव्या तुळया यांचे कमकुवत सांधे. दुसरी चूक यंत्राच्या गणितांतील नव्हे, हें न्यायासाठीं सांगितलें पाहिजे. सांधा बळकट असता तर कदाचित् पहिली चूक कोणाच्या ध्यानींही आली नसती.

तो खड्डा पुढें बुजविण्यांत आला. रेल्वेचा मार्ग थोडा बाजूस सरकविला, आणि त्याच रस्त्याच्या नांवाचें स्टेशन २०१० सालीं उघडलें.