‘ट्रायल’ मोटारसायकलची ओळख : पाठचिकित्सेच्या दृष्टीने

दसऱ्याच्या सायंकाळी कोल्हापूरच्या दसरा चौकात सीमोल्लंघनासाठी छत्रपतींची मेबॅक मोटार येते, तेव्हा ती कोणाची व कोठली हे कोणी विचारीत नाही. राजघराण्याची मालकी आणि दरवर्षीचा सोहळा हीच तिची साक्ष होय. सामान्य मोटारसायकलीस असे भाग्य क्वचितच लाभते. ती लिलावात विकली जाते, चार हात फिरते, उद्यमनगरात दुरुस्त होते आणि अखेर एखाद्या परसात उभी राहते. पुढे कोणीतरी तिला ‘ट्रायलची बुलेट’ म्हणू लागतो, आणि तिची किंमत व प्रतिष्ठा एकाएकी वाढते. हे नाव खरे की चिकटवलेले, याचा निर्णय कसा करावा? प्रश्न यंत्राचा असला, तरी तो सोडविण्याची रीत जुन्या पोथ्यांच्या अभ्यासकास अपरिचित नाही.

प्रथम शब्दाचा अर्थ निश्चित करणे अवश्य आहे. ‘ट्रायल’ ही वेगाची शर्यत नव्हे. खडक, चिखल, ओढा, चढण अशा ठरावीक टप्प्यांतून पाय जमिनीस न टेकता गाडी काढावयाची, अशी ही परीक्षा असते. पाय टेकल्यास दोषगुण मिळतात, गाडी थांबल्यास अधिक मिळतात. ज्याचे दोषगुण सर्वांत कमी, तो विजयी. यासाठी लागणारी गाडी हलकी, जमिनीपासून उंच आणि अगदी मंद गतीतही ओढ न सोडणारी असावी लागते. वर उचललेला सायलेन्सर, खोल दातांचे टायर, अरुंद मडगार्ड आणि मागील चाकाची मोठी दातेरी चक्री ही तिची बाह्य लक्षणे होत.

रॉयल एनफिल्डच्या रेडिच येथील कारखान्याने ३५० सी.सी. बुलेटचा नवा नमुना १९४८ च्या फेब्रुवारीत प्रथम उतरविला तो कोलमोर चषकाच्या ट्रायलमध्येच. मागील चाकासही स्प्रिंगचा आधार असावा, ही कल्पना त्या क्षेत्रात तेव्हा अनेकांना धाडसाची वाटत होती. पुढे जॉनी ब्रिटन याने बुलेटवर स्वार होऊन १९५२ साली स्कॉटलंडची सहा दिवसांची ट्रायल जिंकली. त्याच्या गाडीचा ‘एच.एन.पी. ३३१’ हा क्रमांक या खेळाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. त्या यशामुळे कारखान्याने तशाच घडणीच्या गाड्या सामान्य ग्राहकांसाठीही काढल्या.

भारतात बुलेट आली ती मात्र निराळ्या वाटेने. सीमेवरील गस्तीसाठी लष्कराने तिची निवड केली. १९५५ मध्ये मद्रास येथे एनफिल्ड इंडिया ही कंपनी स्थापन झाली. आरंभी सुटे भाग आणून जोडणी होई, नंतर संपूर्ण गाडीच येथे बनू लागली. रेडिचचा कारखाना १९६७ मध्ये बंद पडला, तरी येथील उत्पादन चालूच राहिले. २०१९ साली याच नावाच्या भारतीय कंपनीने ‘बुलेट ट्रायल्स’ या नावाने रस्त्यावरची एक गाडीही विकण्यास काढली. म्हणजे आज ‘ट्रायलची बुलेट’ या एका संज्ञेखाली चार वस्तू येतात : कारखान्याच्या स्वारांसाठी सिद्ध केलेली मूळ गाडी, तिच्या धर्तीवर त्या काळी विकलेली गाडी, अलीकडची नामधारी गाडी आणि साध्या बुलेटला वर सायलेन्सर बसवून दिलेले रूप. चौघींचे नाव एक असले, तरी कुळ एक नव्हे.

भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे संपादन करताना डॉ. वि. स. सुकथनकर यांनी हस्तलिखितांची साक्ष ताडून पाहण्याचा जो मार्ग घालून दिला, तो येथेही उपयोगी पडतो. कोणतीही एक प्रत सर्वस्वी विश्वसनीय मानावयाची नाही. परस्परांपासून स्वतंत्र असलेल्या साक्षी जेथे जुळतात, तेथेच पाऊल टाकावयाचे.

गाडीची पहिली साक्ष म्हणजे सांगाड्यावर आणि इंजिनाच्या क्रँककेसवर ठोकलेले क्रमांक. हे दोन्ही क्रमांक एकच असले पाहिजेत, अशी समजूत आढळते. ती सर्वत्र लागू नाही. ते दोन्ही कारखान्याच्या एकाच नोंदीत एकत्र सापडणे अधिक महत्त्वाचे. दुसरी साक्ष नोंदणी-पुस्तकाची. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले, १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले, आणि १ जुलै १९८९ रोजी नवा मोटार वाहन कायदा अमलात आला; त्यानंतरच्या पद्धतीत कोल्हापूरला ‘एम.एच. ०९’ ही खूण मिळाली. त्यामुळे पाटीवरील अक्षरे नोंदणीच्या काळाचा थर दाखवितात. मात्र नोंदणीचे वर्ष हेच निर्मितीचे वर्ष मानू नये. लष्करातून आलेली गाडी नागरी दप्तरात पुष्कळ उशिरा दाखल होऊ शकते.

क्रमांक घासलेला असल्यास? ठसा मारताना त्याखालचा धातूही दबलेला असतो. म्हणून पृष्ठभाग गुळगुळीत करून त्यावर योग्य आम्ल लावले असता न्यायवैद्यक तज्ज्ञास पुसलेले आकडे पुष्कळदा वाचता येतात. पोथीत खोडलेले अक्षर कागदाच्या ओरखड्यावरून ओळखावे, तसाच हा प्रकार होय. अशी खाडाखोड आढळल्यास प्रश्न इतिहासाचा न राहता पोलिसांचा होतो.

पाठचिकित्सेचा आणखी एक नियम येथे मार्गदर्शक ठरतो : दोन पाठांपैकी जो कठीण, तो बहुधा मूळचा, कारण लेखनिक कठिणाचे सोपे करतो, सोप्याचे कठीण करीत नाही. चकचकीत उंच सायलेन्सर हा ‘सोपा पाठ’ आहे. तो बाजारात मिळतो, आणि ज्याला गाडी ट्रायलची भासवावयाची आहे तो प्रथम तोच बसवितो. उलट, सांगाड्यावरचा एखादा निरुपयोगी झालेला कान, बुजविलेले छिद्र किंवा थरांच्या तळाशी उरलेला लष्करी हिरवा रंग मुद्दाम कोण निर्माण करील? शोभा न वाढविणारी ही खूण अधिक बोलकी असते. म्हणूनच गाडी उजळण्यापूर्वी तिची छायाचित्रे व टिपणे घ्यावीत. एका दिवसाच्या घासकामाने पन्नास वर्षांचा पुरावा नाहीसा होतो.

नियमांनीही या विवेकास आता बळ दिले आहे. जुलै २०२१ मध्ये अधिसूचित झालेल्या केंद्रीय नियमांनुसार, प्रथम नोंदणीस पन्नासहून अधिक वर्षे झालेल्या आणि मूळ स्वरूप टिकविलेल्या दुचाकी व चारचाकी वाहनांची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंद होते. त्यांच्या क्रमांकात ‘व्ही.ए.’ ही अक्षरे येतात. सांगाडा वा इंजिन यांत मोठा फेरबदल केलेले वाहन त्यास पात्र ठरत नाही. प्रामाणिक लष्करी बुलेटला ट्रायलचे सोंग देणारा मालक अशा रीतीने तिचा खरा मानच धोक्यात घालतो.

तथापि प्रत्येक बदल हा दोष नव्हे. बाहेरचा भाग मिळेना, तेव्हा कोल्हापूरच्या मेस्त्रीने साचा करून ओतून घेतलेला भाग हा मूळ पाठ नाही, हे खरे. पण तो या गावच्या कसबाचा अस्सल पाठभेद आहे. तो काढून फेकू नये. त्याची नोंद करून तो जपावा. संपादक प्रक्षिप्त श्लोक जाळीत नाही. तो तळटीपेत वा परिशिष्टात ठेवतो. गाडी ट्रायलची न ठरल्यास तिचे मोल संपले, असेही नाही. रेडिचच्या स्वाराची नसली, तरी ती सीमेवरच्या जवानाची, उद्यमनगरच्या कारागिराची किंवा शेतमळ्यावर जाणाऱ्या गृहस्थाची असेल. तिला उसने कुळ देण्यापेक्षा तिचे स्वतःचे कुळ शोधून देणे, हेच संशोधकाचे काम होय.