पाहुणा गवई आणि गावचे साथीदार

पाहुणा कलाकार येणार म्हटलं की आपल्या मंडळात काय धावपळ उडते ते वाचकांना सांगायला नको. एअरपोर्टवर कोण जाणार, उतरायचं कोणाकडे, पथ्य काय, तिकीट किती डॉलर ठेवायचं, एक ना दोन. हे सगळं आपल्या आधी शंभर-सव्वाशे वर्षं या देशात दुसऱ्या स्थलांतरितांनी केलंय, आणि तेही आमच्याच कॅन्सस राज्यात.

सलायनाच्या दक्षिणेला लिंड्सबर्ग नावाचं गाव आहे. वस्ती साडेतीन-चार हजार. १८६९ च्या सुमारास स्वीडनहून आलेल्या शेतकऱ्यांनी ते वसवलं. १८८१ साली तिथले तरुण पाद्री कार्ल स्वेन्सन यांनी बेथनी कॉलेज काढलं आणि पुढच्याच वर्षी, १८८२ च्या मार्चमध्ये, या गावकऱ्यांनी हँडेलचं 'मसाया' सादर केलं. हे ऑरेटोरिओ म्हणजे बायबलमधल्या वचनांवर बांधलेलं दोन-अडीच तासांचं गायन. चार मुख्य गायक, मागे कोरस आणि ऑर्केस्ट्रा. कोरसची तालीम स्वेन्सन यांच्या पत्नी आल्मा यांनी घेतली. दिवसभर शेतात राबलेली माणसं संध्याकाळी येऊन हँडेल घोकत होती! वादक मात्र पहिल्या वर्षी इलिनॉयमधल्या ऑगस्टाना कॉलेजातून आणावे लागले. पुढे गावाने आपला ऑर्केस्ट्रा उभा केला आणि ईस्टरच्या आठवड्यात 'मसाया' करण्याची प्रथा पडली, ती आजही चालू आहे. त्या उत्सवाची कीर्ती इतकी झाली की लिलियन नॉर्डिका, शूमन-हाइंक, गाली-कुर्ची अशा त्या काळच्या जगप्रसिद्ध गायिका या चिमुकल्या गावात गाऊन गेल्या. आमचा सगळा लेख खरं म्हणजे याच क्रमाबद्दल आहे. आधी कोरस, मग ऑर्केस्ट्रा, मग नॉर्डिका.

आम्ही राहतो तेही गाव लहानच. आमच्याकडे एक कम्युनिटी ऑर्केस्ट्रा आहे. दर सोमवारी रात्री हायस्कूलच्या बँडरूममध्ये पन्नासेक मंडळी जमतात. पगार कोणालाच नाही. सगळा ऑर्केस्ट्रा ज्याच्याकडून सूर घेतो तो ओबोवाला गावचा दातांचा डॉक्टर. आमची लेक मागच्या बाकावर व्हायोलिन वाजवते, म्हणून सोमवारची ड्यूटी आमच्याकडे. वर्षातून एकदा बाहेरचा सोलोइस्ट बोलावतात. तिकिटांतून त्याचा खर्च भागत नाही. बँक, फार्मसी, ट्रॅक्टरवाला यांच्या जाहिराती छापून बेरीज जमवतात आणि पाहुण्याला कोणाच्या तरी घरी उतरवतात. दोन वर्षांपूर्वी आम्ही हात वर केला.

पाहुणी म्हणजे पंचविशीतली व्हायोलिनवादक. गुरुवारी आली, दोन तालमी, शनिवारी कार्यक्रम. तेव्हा आमच्या आई पुण्याहून आलेल्या होत्या. त्यांनी तिला पहिल्याच रात्री वरण-भात-तूप वाढलं आणि तिने दुसऱ्यांदा मागून घेतलं, तेव्हापासून ती त्यांची झाली. सकाळी सात वाजता बेसमेंटमधून सूर यायला लागले. आम्हाला वाटलं, आता फटाक्याच्या माळेसारखं काही तरी ऐकायला मिळणार. छे! एकच ओळ, अगदी संथ, चौथाईहून कमी लयीत, तासभर. "रियाज करतेय ती, तिला चहा विचारू नका," असं आईंनी वरून बजावलं.

वाजवायचा होता मेंडेलसनचा ई मायनर कॉन्चेर्टो. १८४५ साली लाइपझिगला तो पहिल्यांदा वाजला. बीथोव्हनच्या व्हायोलिन कॉन्चेर्टोत सोलोइस्टला सुरुवातीला काही मिनिटं उभं राहून ऑर्केस्ट्रा ऐकावा लागतो. इथे तसं नाही. ऑर्केस्ट्राने जेमतेम दीड मात्रा-खंड वाजवला की पाहुणा सुरू. त्यामुळे पहिल्या तालमीत पहिल्या पाच मिनिटांतच सगळं उघडं पडलं. ती भावना येईल तिथे लय किंचित ताणायची आणि मागची मंडळी सरळ पुढे निघून जायची. तबलजी गवयाच्या तोंडाकडे बघून सांभाळून घेतो, पण तबलजी एक असतो. इथे पन्नास! इंजिनियर असल्यामुळे आम्ही हिशेब करून पाहिला. मागच्या रांगेतला हॉर्नवाला पाहुणीपासून पंधरा मीटरवर असेल, तर तिचा सूर त्याला ४४ मिलिसेकंदांनी उशिरा ऐकू येतो. तो ऐकून वाजवायला गेला की समोर बसलेल्यांना आणखी उशिरा वाजल्यासारखा वाटतो. म्हणून कानापेक्षा कंडक्टरच्या काठीवर भरवसा ठेवायचा. हे समजायला सोपं, पण अंगवळणी पडायला कित्येक सोमवार लागतात. त्या कंडक्टरने सप्टेंबरपासून तेच करून घेतलं होतं म्हणून शुक्रवारच्या दुसऱ्या तालमीत गाडी रुळावर आली.

शनिवारी आईंनी विचारलं, "यात मुख्य कोण आणि साथीला कोण?" उत्तर द्यायच्या आत ती जागा आलीच. पहिल्या भागाच्या मध्यावर कॅडेन्झा असतो. सगळे थांबतात, सोलोइस्ट एकटाच वाजवतो. इतर बऱ्याच कॉन्चेर्टोंत तो शेवटाकडे येतो. मेंडेलसनने तो अलीकडे आणलाय आणि त्यातून बाहेर पडताना गंमत केलीय. पाहुणी चारही तारांवर धनू उडवत राहते आणि मूळ धून उचलतात ऑर्केस्ट्रातली मंडळी. म्हणजे त्या घडीला नामवंत पाहुणी आमच्या दंतवैद्याच्या साथीला! आई खूश. म्हणाल्या, "बाईने सगळ्यांना सांभाळून घेतलं हो."

आपल्याकडेही असं घडलंय. मूळ गोव्याचे अँथनी गोन्साल्विस, म्हणजे प्यारेलालचे व्हायोलिनचे गुरू, यांनी १९५८ साली मुंबईत फिल्मी वादकांचा मोठा ऑर्केस्ट्रा जमवून लता मंगेशकर आणि मन्ना डे यांना सोलोइस्ट म्हणून उभं केलं होतं. ते शक्य झालं कारण स्टुडिओंत रोज वाजवणारी माणसं गावातच होती.

आता आपल्या मंडळाकडे वळू, कारण बोच तिथे आहे. गेल्या काही वर्षांत आमच्याकडे आलेले बरेचसे गायक ट्रॅकवर गायले. त्यांना दोष देत नाही. दोन साथीदारांचा व्हिसा आणि विमानभाडं मंडळाला झेपत नाही, आणि इथे चार तास गाडी हाकली तरी ठेका धरणारा माणूस सापडत नाही. पण ट्रॅक कोणाकडे बघत नाही. गवयाला एखादी जागा पुन्हा घ्यावीशी वाटली तरी तो पुढे निघून जातो. एका ज्येष्ठ बाईंनी कार्यक्रमानंतर आमच्याकडे पोहे खाताना हळूच विचारलं, "तुमच्या मुलांपैकी कोणी तबला शिकत नाही का?" त्या प्रश्नाला आमच्या डायनिंग टेबलवर उत्तर नव्हतं.

कमिटीत आम्ही सुचवलं की एक वर्ष पाहुणा न बोलावता ते पैसे तबला-पेटीच्या शिक्षकावर घालावेत. गदारोळ झाला. "दिवाळीला पाहुणा नाही तर लोक येणार कशाला?" हा मुद्दा खोटा नाही. आम्हालाही नामवंतांचं गाणं ऐकायचं असतं, आणि पाहुण्याची तारीख पडल्याशिवाय तालमीला जोर येत नाही हे सोमवारी दर आठवड्याला दिसतं. शेवटी तडजोड झाली. दिवाळीचा पाहुणा राहिला, गुढीपाडव्याचा रद्द.

क्लास दर रविवारी साडेतीनला आमच्या बेसमेंटमध्ये भरतो. आठ मुलं आहेत आणि दोन बाबा. तबल्याच्या दोन जोड्या, पेटी एक. बायकांच्या पट्टीत लागेल असा मोठ्या तोंडाचा तबला कोणाकडे पडून असेल तर कळवा, आम्ही येऊन घेऊन जाऊ. सध्या दादरा बरा चाललाय. तीनतालात एक बाबा अजून खालीनंतर हरवतात.